यादीत नाव लागले, आता घाटातला दगड झाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाचगणी-महाबळेश्वरचा डेक्कन ट्रॅप, म्हणजे लाव्हा गोठून झालेला थराथराचा काळा दगड, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. सप्टेंबर २०२५ मधली ही बातमी आमच्या वाईत फारशी कुणी मनावर घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांचा प्रश्न एकच, आता बांधकामाला आणखी एक अडथळा का? (२००१ पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील आहे, त्याचा राग अजून आहे.)

मी आयुष्यभर विहिरी आणि बोअरची कामे घेतली. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच लाल मातीचा पट्टा आणि पुन्हा मांजऱ्या, ही उतरंड आम्हाला पाठ. मांजऱ्यात पाणी हमखास, पाषाणात भेग सापडली तरच. पण ती अशी का, हे पसरणी घाटात दगडाचे तुकडे गोळा करणाऱ्या भूशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने सांगितले तेव्हा कळले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे लोंढे एकावर एक आले. प्रत्येक लोंढ्याच्या माथ्याकडे वायूचे बुडबुडे अडकले, तो आमचा मांजऱ्या. आतला भाग घट्ट गोठला, तो पाषाण. पुढचा लोंढा येईपर्यंत उघड्या माथ्याची झीज होऊन माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली, तो लाल पट्टा. म्हणजे दोन लोंढ्यांमध्ये किती उसंत होती, त्याची खूण त्या पट्ट्यात आहे.

डायनासोर संपले ते मेक्सिकोत पडलेल्या अशनीमुळे की आपल्या लाव्ह्यामुळे, हा वाद शास्त्रज्ञांत अजून चालू आहे. त्यांच्या लेखनात या थरांची नावे पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आहेत आणि त्या साऱ्या गटाला नाव आहे वाईचे! पण वाईच्या स्टँडवर त्याबद्दल एक ओळ लिहिलेली मी तरी पाहिली नाही. टेबललँडवर पर्यटकाला 'आशियातले दुसऱ्या क्रमांकाचे पठार' एवढेच ऐकवतात. पायाखालचा जांभा याच काळ्या दगडाची झीज होऊन झाला, हे सांगायला घोडेवाल्याला किती वेळ लागेल?

आपल्याच जिल्ह्यातले कास २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा झाले, पण ते जैवविविधतेसाठी. दगडाचा विचार तेव्हा झाला नाही. उत्तर आयर्लंडमधला जायंट्स कॉजवे, तोही बेसाल्टच, म्हणजे आपल्यासारखाच लाव्ह्याचा काळा दगड, १९८६ पासून त्या यादीत आहे. आपला लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

संभाव्य यादी म्हणजे शिक्कामोर्तब नव्हे. त्यात किमान वर्ष काढून मग प्रस्ताव जातो, तज्ज्ञ जागेवर येतात. ते पॉइंटवरची भेळ खायला येणार नाहीत, कापलेला कडा बघायला येतील. तोच आपण झाकत सुटलो तर दाखवणार काय? दरड खरोखर सैल आहे तिथे जाळी, काँक्रीट लावावेच, माणसाच्या जिवापुढे दगड मोठा नाही. पण पसरणी आणि आंबेनळी घाटातले थर स्पष्ट दिसणारे, भक्कम टप्पे सार्वजनिक बांधकाम खात्याने भूशास्त्रज्ञांना बरोबर घेऊन आधी नक्की करावेत आणि पुढच्या रुंदीकरणाच्या निविदेतच ते उघडे ठेवण्याची अट घालावी. निविदेत नसलेले काम ठेकेदार करत नाही, हे मी स्वतः ठेकेदार असल्याने सांगतो.

प्रत्येक टप्प्यापाशी मराठीत फलक हवा आणि त्यावर शास्त्रीय नावाशेजारी 'मांजऱ्या'ही हवा. तसेच आमच्या भागातल्या बिनवापराच्या जुन्या विहिरी कचऱ्याने भरत चालल्या आहेत. त्यातली एखादी उपसून, कठडा बांधून शाळेच्या मुलांना थर दाखवायला ठेवता येईल. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर उपशाचे काम मी मजुरी न घेता उभे राहून करून देईन.

— विहिरींचा एक जुना ठेकेदार, वाई (जि. सातारा)