सांगवीचं घर विकायचं नाही

बेल एअर, मेरीलँड
12 जानेवारी 2026

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, वड्या फसल्या. पाक पुढे गेला आणि आता त्या फोडायला बत्ता लागतोय. निखिल म्हणतो, खायच्या आधी दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवूया. परवा संक्रांत, तेव्हा गोड बोलायचं म्हणून पत्र आजच लिहायला घेतलं.

सांगवीचं घर विकून तुम्ही इकडे आमच्याकडे या, यावरून दिवाळीत फोनवर जे झालं ते फोनवर निस्तरणार नाही. बाबा "ठेवतो" म्हणतात आणि खरंच ठेवतात. तुम्हाला न विचारता सांगवीच्या घराची किंमत काढायला मी एजंट पाठवला, ही माझी चूक. त्याने ओट्यावर उभं राहून आईला "मावशी, इथे सोन्याचा भाव आहे" असं ऐकवलं, ते तर अगदीच वाईट. त्या रात्री बाबा म्हणाले, "मी काय ते तुझं ऑर्डनन्स स्कूल आहे का? मेरीलँडमधनं उचललं आणि व्हर्जिनियात नेऊन ठेवलं!" ते म्हणजे सैनिकांना शस्त्रांची देखभाल शिकवणारी इथली शाळा. तेव्हा मी चिडले. आठ दिवसांनी ऑफिसात जुन्या फायली चाळताना ते वाक्य आठवलं आणि एकटीच हसले. मग हसू गेलं, कारण बाबा बरोबर बोलले होते. इतकी वर्षं या कामात घालवून ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

बाबा, तुम्ही मला कायम विचारत आलात, "तू नक्की करतेस काय?" आणि मी "प्लॅनिंग" एवढंच सांगून आईकडे फोन देते. आज नीट सांगते.

आमच्या घरापासून मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांवर चेसापीकच्या उपसागराकाठी ॲबर्डीन प्रूव्हिंग ग्राउंड आहे. 1917 साली, पहिल्या महायुद्धात, इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तोफा आणि दारूगोळा तपासायला ही जागा केली. आज एकूण साधारण 72,000 एकर. आजही तोफ उडाली की आमच्या काचेच्या कपाटातले ग्लास किणकिणतात. पाहुणे दचकतात, मी नाही. फॅक्टरीच्या भोंग्यावर कुकर लावणाऱ्या घरातली मुलगी मी, मला त्याचं काय!

अमेरिकेत लष्करी बेस बंद करायचे किंवा हलवायचे म्हटलं की प्रत्येक खासदार आपल्या मतदारसंघातला वाचवायला धावतो. म्हणून त्यांनी युक्ती काढली. एक स्वतंत्र आयोग यादी करतो आणि ती घ्यायची तर अख्खी घ्यायची, नाहीतर अख्खी फेकायची. 2005 च्या यादीत न्यू जर्सीतला फोर्ट मॉनमथ बंद करून तिथलं काम ॲबर्डीनला आणायचं ठरलं. मुदत 15 सप्टेंबर 2011. फोर्ट मॉनमथ म्हणजे सैन्याच्या रेडिओ-रडारचं माहेरघर. 1946 च्या जानेवारीत तिथल्याच मंडळींनी जवळच्या कॅम्प इव्हान्समधून चंद्रावर रडारचे तरंग सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडला होता. अशा ठिकाणची साधारण 8,000 पदं आमच्या हार्फर्ड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येणार होती. त्याच यादीने ॲबर्डीनचं ऑर्डनन्स स्कूल फोर्ट लीला, म्हणजे व्हर्जिनियाला, पाठवलं.

तेवढ्यात आम्हा प्लॅनरांची धांदल उडाली. आजूबाजूच्या काउंट्या एकत्र बसायला लागल्या, कारण बेस एका काउंटीत असला तरी माणूस घर दुसरीत घेतो आणि गाडी तिसरीतून हाकतो. असल्या अभ्यासाला पेंटागॉनचंच एक खातं पैसे देतं. मी 2008 मध्ये नोकरीला लागले ती याच लाटेवर. आमचा हिशेब वाण्याच्या वहीइतका सरळ होता. एका नोकरीमागे एवढी घरं, एका घरामागे एवढी मुलं, एवढ्या गाड्या, एवढं पाणी. त्यावरून शाळेच्या खोल्या, रूट 40 वरचे चौक, बेसच्या फाटकाकडे जाणारा 715 नंबरचा रस्ता, नळाचे पाइप. हार्फर्डने 1977 पासून नकाशावर एक सीमारेषा आखून ठेवली आहे. घरं तिच्या आत, शेतं बाहेर. ती रेषा या लोंढ्यापुढे टिकेल का, याचीच सगळ्यांना धास्ती. तुम्हाला हे परकं वाटणार नाही. देहूरोडच्या डेपोभोवतीचा 2,000 यार्डांचा बांधकामबंदीचा रेड झोन आणि त्यात अडकलेला तुमच्या शिफ्टमधल्या काकांचा तळवड्याचा दीड गुंठा आठवा. लष्कर आणि वस्ती शेजारी आली की कोणीतरी आधी बसून रेघ मारावी लागते. नंतर मारली की ती कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून जाते.

आता गंमत ऐका. 2000 साली हार्फर्डची लोकसंख्या 2,18,590 होती, 2010 मध्ये 2,44,826 झाली आणि 2020 मध्ये 2,60,924. म्हणजे ज्या दशकात बेस भरला त्याच दशकात काउंटीची वाढ मंदावली. लोंढा आलाच नाही. मंदीमुळे घरं विकली जाईनात, हे एक कारण. दुसरं आमच्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही पदं मोजली होती. त्या पदांवर बसलेली माणसं किती वर्षांची आहेत, हे आमच्या लेखी फक्त एक तळटीप होती.

ऑर्डनन्स स्कूल गेलं म्हणजे अठरा-वीस वर्षांची हजारो पोरं गेली. त्यांच्या जागी आले पन्नाशीचे इंजिनियर. पोरं गेली, काका आले! मला भेटलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं कॉलेजात पोचली होती. शाळेच्या खोल्यांपेक्षा ते विचारत होते की जिने नसलेलं घर कुठे मिळेल आणि हृदयाचा डॉक्टर किती लांब आहे. आणि कितीतरी जण आलेच नाहीत. 1984 च्या आधी सरकारी नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन होती. पंचावन्न वर्षं वय आणि तीस वर्षं नोकरी भरली की घरी बसायची मुभा. त्यांनी हिशेब केला आणि ते न्यू जर्सीतच राहिले.

त्यातला एक माणूस माझ्या कायम लक्षात आहे. 2010 च्या हिवाळ्यात अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नव्याने आलेल्यांसाठी बैठक ठेवली होती. घडीच्या खुर्च्या, थर्मासात कडू कॉफी, भिंतीवर आमचे रंगीत नकाशे. मी एका नकाशापाशी उभी राहून घरांच्या योजना समजावत होते. साधारण तुमच्यासारखाच, थोडा वाकलेला, खिशात दोन पेनं असलेला गृहस्थ शेवटपर्यंत थांबला. त्याने कागदाची चौघडी उलगडली. डाव्या बाजूला "यावं" आणि उजव्या बाजूला "राहावं". डावीकडे पगार, पेन्शन आणि काम असे तिन्ही मुद्दे भक्कम. उजवीकडे एकच ओळ होती. आईचं डायलिसिस, मंगळ-गुरू-शनि. त्याने विचारलं, "तुमच्या या नकाशात हे कुठे बसवू?" माझ्याकडे त्या वेळी एक छापील पत्रक होतं. तेच मी त्याच्या हातात दिलं. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

तो पुढे तीन वर्षं ॲबर्डीनमध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिला. सोमवारी पहाटे न्यू जर्सीहून निघायचा, शुक्रवारी दुपारी परतायचा. अडीच तास जायला, अडीच तास यायला, रस्ता मोकळा असला तर. शनिवारी आईपाशी. रेल्वेचा विचार केला होता त्याने, पण ते जमलं नाही. तीस वर्षं भरली त्या महिन्यात त्याने कागद दिले. ही एवढी माहिती मला कळली, कारण दर नाताळला त्याचं कार्ड येतं. शेवटच्या कार्डावर लिहिलं होतं की फोर्ट मॉनमथच्या जागेवर आता नेटफ्लिक्सचा मोठा स्टुडिओ होतोय आणि आपल्या जुन्या प्रयोगशाळेच्या आसपास आता नकली बॉम्ब फुटणार. आई, तू ज्या मालिका बघतेस त्यातली एखादी तिथे निघाली तर तुला मी आधी कळवीन.

तो निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची भरली, पण तो जे करायचा ते जमेना, असं त्याचे सहकारी सांगत. यात गूढ काही नाही. तुम्ही 2012 मध्ये निवृत्त झालात, त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी फॅक्टरीतली पोरं आपल्याकडे यायची ना? "साहेब, प्रेस सेटिंगला आवाज वेगळा येतोय." तुम्ही डोळे मिटून विचारायचात, "घासल्यासारखा की आपटल्यासारखा?" आणि आई पोह्यांची दुसरी कढई चढवायची. तो आवाज कुठल्या मॅन्युअलमध्ये नव्हता. 1 ऑक्टोबर 2021 ला तुमच्या 41 सरकारी ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "पाट्या बदलता येतात." मला तेव्हा वाटलं, बाबा कडवट झाले. आता वाटतं, तुम्ही माझ्या धंद्याबद्दलच बोलत होतात.

इथेही दुखणं तेच आहे आणि वाढतंय. अमेरिकेच्या सरकारी नागरी नोकरांत तिशीच्या आतले दहात एकही भरत नाहीत. ॲबर्डीनच्या हायस्कुलात 2004 पासून विज्ञान-गणिताचा एक वेगळा वर्ग चालतो. बेसवरचे शास्त्रज्ञ तिथल्या मुलांना मार्गदर्शन करतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सगळ्यात शहाणपणाचं काम ते आहे, कारण ते रस्ता बांधण्याच्या आधी सुरू झालं. पण त्या मुलाचा इंजिनियर व्हायला दहा वर्षं लागतात आणि म्हाताऱ्याला जायला एक ईमेल पुरते. 2025 च्या जानेवारीत सरकारी नोकरांना तशी ईमेल आलीच. राजीनामा द्या, सप्टेंबरअखेरपर्यंत पगार घ्या. ज्यांची निवृत्ती तशीही दारात उभी होती त्यांना याहून काय हवं? आमच्या गल्लीतले दोघे त्यात गेले. एक आता मासे पकडतो आणि दुसरा बायकोला त्रास देतो.

तर दिवाळीनंतर मी फाइल चाळत होते म्हटलं, ती त्या 2010 च्या बैठकीची. माझ्याच अक्षरातलं टिपण होतं: "वय जास्त असलेल्या कर्मचाऱ्यांचा स्थलांतराला नकार अपेक्षेपेक्षा जास्त. कारणं भावनिक." भावनिक! डायलिसिसला मी भावनिक म्हटलं होतं. आणि पंधरा वर्षांनी तुमच्या बाबतीत तेच केलं. वरच्या मजल्याचा जिना, आईचे गुडघे, बाबांची साखर, माझी काळजी, हे सगळं मी "यावं" च्या रकान्यात भरलं. दुसऱ्या रकान्यात "सवय" एवढंच लिहिलं. त्यात सीजीएचएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचा, दवाखाना नव्हता, जिथे कंपाउंडर बाबांना नावाने हाक मारतो. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला नव्हता, जो आईची गोळी संपायच्या आधी फोन करतो. सकाळी नदीकाठच्या बाकावर पेपर वाटून वाचणारे चौघे नव्हते. इथे बर्फात तुम्ही चार महिने खिडकीशी बसाल आणि मी ऑफिसात बसून म्हाताऱ्यांसाठी पायवाटा आखत असेन. हा विनोद मलाच सहन होणार नाही.

म्हणून सांगवीचं घर विकायचं नाही. एजंटचा फोन आला तर माझं नाव सांगा आणि "नाही" म्हणा. मी पुन्हा हा विषय काढणार नाही. काढला तर आईने मला गप्प करावं.

मात्र घरात थोडं काम करावं लागेल आणि त्यावर बाबांनी वाद घालायचा नाही. झोपायची खोली खाली आणायची. हॉलमधला तो मोठा दिवाण वर जाईल, टीव्ही जिथे आहे तिथेच राहील. न्हाणीघराचा उंबरा काढून फरशी सपाट करायची आणि संडासाच्या बाजूला दांडा बसवायचा. दांडा भिंतीत पक्का हवा. टॉवेल अडकवायचा नाही, वजन पेलायचा आहे. बाबा, भार किती धरायचा ते तुम्हीच ठरवा, मिस्त्रीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा. पैसे मी पाठवले आहेत, ते मुदत ठेवीत टाकू नका.

मी 6 जूनला येते, सहा आठवडे. त्या रविवारच्या पोरांपैकी कोणी अजून भेटत असेल तर त्यांना घरी बोलावून ठेवा. प्रेसचे ते आवाज तुम्ही त्यांना तोंडाने काढून दाखवायचात, ते मला फोनवर रेकॉर्ड करून हवे आहेत. निखिल म्हणतो मी वेडी आहे.

मिस्त्री गुरुवारी सकाळी दहाला येईल. मापं घेऊ द्या त्याला. मागच्या वेळेसारखं चहा पाजून परत पाठवू नका.

तुमची,
मनू

ता. क. आई, पाक पुढे गेला की त्यात पाणी घालून परत उकळता येतो का? फोनवर नको, लिहून पाठव. तुझं अक्षर पाहिजे.