मुखवटे काचेआड ठेवा, पण बोहाड्याला सोडा!

महोदय,

२०२७च्या सिंहस्थाच्या तयारीत घाट, रस्ते, वाहनतळ यांवर रोज लिहून येतं. त्यात माझी एक मागणी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने आपल्या गोवर्धनच्या आवारात या भागातल्या कलेचं संग्रहालय काढावं.

नाण्यांसाठी अंजनेरीचं संग्रहालय आहे, खनिजांसाठी सिन्नरचं 'गारगोटी' आहे. पण बोहाड्याचे, म्हणजे देव-दानवांची सोंगं नाचवण्याच्या आदिवासी गावांतल्या उत्सवाचे मुखवटे, वारल्यांचा भिंतीवरचा लग्नचौक, येवल्याच्या पैठणीचे जुने नमुने, तांबटांची घडाई हे सगळं एका जागी कुठे पाहायचं? मी पेठ तालुक्यात कलाशिक्षक होतो. एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी मी वर्गात स्थिरचित्राला तांब्या-भांडं मांडायचो, आणि त्याच पोरांच्या घरी आढ्याला रावणाचा लाकडी मुखवटा टांगलेला असायचा. तो कुणी अभ्यासक्रमात धरला नाही. आता लाकडाच्या जागी कागदाचा लगदा आलाय. जुन्यांतले काही वाळवीने खाल्ले, काही शहरातल्या दिवाणखान्यांत गेले.

हे काम विद्यापीठानेच का करावं? कलकत्ता विद्यापीठाने १९३७ साली आशुतोष संग्रहालय काढलं, ते बंगालच्या कलेवर भर देऊन. भाजलेल्या मातीची शिल्पं, पटचित्रं, कांथा भरतकाम असं गावोगावचं जमवलं. पुढे चंद्रकेतुगढ या बंगालमधल्या प्राचीन स्थळाचं उत्खननही याच संग्रहालयाने केलं. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी तर पाड्यापाड्यांवर आहेत. आपल्याच आजीकडून ते जी माहिती लिहून आणतील, ती बाहेरच्या संशोधकाला मिळायची नाही.

मात्र दोन अटी. पाटीवर 'वारली चित्र, कलाकार अज्ञात' चालणार नाही. जिव्या सोमा मशे यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली म्हणून निदान एक नाव लोकांना ठाऊक झालं. लग्नात भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणींचं काय? नाव, गाव, मोबदला, तिन्ही नोंदवहीत हवं.

दुसरी अट अधिकाऱ्यांना पटणार नाही, तरी लिहितो. बोहाडा आला की मुखवटा गावात परत गेला पाहिजे. संबळाच्या ठेक्यावर तो रात्रभर नाचतो, लोक त्याच्या पाया पडतात. तो देव आहे, शोभेची वस्तू नाही. झिजेल, रंग उडेल, चालेल. डागडुजी गावातल्याच कारागिराकडून करून घ्यावी आणि त्याची मजुरी, नेण्या-आणण्याची गाडी नि विमा हा खर्च विद्यापीठाने उचलावा.

एक निवृत्त कलाशिक्षक, म्हसरूळ, नाशिक