कला इतिहास लेण्यात शिकवणाऱ्या बाई

महोदय,
कला महाविद्यालयात कला इतिहास म्हणजे तारखा उतरवून घ्यायचा तास, असेच बहुतेक ठिकाणी चालते. आमच्या बाईंचे तसे नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात त्यांनी पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्राआधी भिंतीचा गिलावा दाखवला. पोपडा निघालेल्या कडेला माती, भाताचे तूस, गवताच्या काड्या! रंग सुकलेल्या गिलाव्यावर दिलेला. ओल्या चुन्यावरच्या इटालियन फ्रेस्कोहून ही रीत वेगळी, हे तिथेच डोक्यात पक्के बसले. परीक्षेतही त्या 'चित्रात काय दिसले' हेच आधी विचारतात. अशा बाई तासिका तत्त्वावर आहेत. पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक होईल ना, याची धास्ती आम्हा विद्यार्थ्यांनाच असते. शासनाने या विषयाची कायम पदे भरावीत, ही कळकळीची विनंती.

– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर