तळव्याच्या ड्रेसिंगबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तळपायाच्या मधुमेहाच्या जखमेबद्दल परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पट्टी काढून वारा लागू दिला, आता छान खपली धरलीय." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

वाऱ्यानं जखम भरते, असं आपण सगळेच ऐकत आलो. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर हे तपासून पाहिलं. पातळ प्लास्टिकखाली ओलसर राहिलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगानं कातडी धरली. नव्या कातडीच्या पेशी कडेनं सरपटत आत येतात. वर खपली असली की त्यांना तिच्याखालून ओल शोधत जावं लागतं.

मागे तुमचं ड्रेसिंग मी सोडलं होतं. गॉजच्या जाळीत कोवळी गुलाबी कातडी अडकलेली. सलाइननं भिजवूनही एक कोपरा सुटेना, आणि सुटला तेव्हा रक्ताची बारीक रेघ उमटली. तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. आई, तू तोंड फिरवलंस. जखमेच्या पट्ट्या बनवताना प्रयोगशाळेत रोज तो कोपरा माझ्या डोळ्यांसमोर असतो.

सध्या हाताशी समुद्री शेवाळातलं अल्जिनेट आहे. दिसायला कापूस, पण जखमेतला स्राव लागला की त्यातलं सोडियम आत शिरतं, कॅल्शियम बाहेर पडतं आणि धाग्यांचा मऊ जेल होतो. तो न ओरबाडता धुऊन निघतो. पण नुसत्या ओलीनं मधुमेहाची जखम हलत नाही. तिथे दाह शमतच नाही, आणि शरीरातलीच विकरं (एन्झाइम्स) नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला आधार देणारं प्रथिन, बनताबनता तोडत राहतात. म्हणून आम्ही पट्टीतच कोलॅजन घालतो; विकरं त्यात गुंतली की तुमचं स्वतःचं वाचतं. गेल्या महिन्यातला नमुना मात्र स्राव धरून ठेवीना. अशानं जखमेची कड पांढरी, भिजट पडते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीय.

हे तुमच्या पायापर्यंत पोचायला वेळ आहे, बाबा. तोवर खपली स्वतः काढू नका. रक्तपुरवठा कमी असेल तर कोरडी खपली मुद्दाम तशीच ठेवतात. ते डॉक्टरांनाच पाहू दे, याच आठवड्यात. घरातही अनवाणी चालू नका. आई, लाली पसरली किंवा वास आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ड्रेसिंगचा कोपरा चिकटला तर ओढू नकोस, सलाइन घालून थांब. सुटेपर्यंत थांब.

तुमची,
धाकटी