शेजारच्या झाडाच्या फांद्यांबद्दल, सगळ्यांनी वाचा प्लीज

नमस्कार मंडळी, बी विंगच्या कंपाउंडवर शेजारच्या बंगल्यातल्या आंब्याच्या फांद्या आल्यात, पार्किंगमध्ये पानांचा कचरा होतोय, गाड्यांवर चीक पडतोय, सगळं मान्य आहे. पण कोणीही परस्पर माणूस बोलावून फांद्या तोडू नका! फांदी आपल्या हद्दीत आली तरी आपल्याकडे शहरात 1975 चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा लागू आहे, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, नाहीतर सोसायटीवरच केस होऊ शकते.

काल मी आणि सेक्रेटरी त्या बंगल्यातल्या काकूंशी बोलून आलो, त्या अगदी नीट बोलल्या, अर्ज त्या करतील, सोबत आपलं पत्र आणि फोटो जोडू, म्हणून ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी आजच ग्रुपवर टाका. पावसाळ्याआधी काम उरकायचंय, वाऱ्यात फांदी पडली तर खाली मुलं खेळत असतात.

परवानगी आली तरी फक्त जास्तीच्या फांद्या, बुंध्याला हात नाही, आणि घरटं दिसलं तर ती फांदी राहू द्यायची. मुळाशी मीठ-ॲसिड वगैरे टाकायचा विचारही नको. आणि कैऱ्या त्यांच्या आहेत, विचारून घ्या.