नावं विचारायची राहून गेली, म्हणून हे आभार

म्युनिकला नोकरीला जाऊन तीन वर्षं झाली पण हे वर्ष वेगळंच गेलं. आता सुट्टीत सदाशिव पेठेत घरी आलेय, तर आधी हे लिहायचंच होतं.

जुलैमध्ये आई मंडईतून भाजी घेऊन येताना पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. पुण्यात सकाळचे साडेआठ म्हणजे माझ्याकडे पहाटेचे पाच, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, आणि फोनवर नाव आईचं पण आवाज कुणा अनोळखी मुलीचा, ताई घाबरू नका, काकू शुद्धीवर आहेत, आम्ही रिक्षातून हॉस्पिटलला चाललोय. लेक्चर बुडवून ती मामा येईपर्यंत आईजवळ थांबली. रिक्षावाल्या काकांनी मीटरचे पैसे तर घेतले नाहीतच, वर भाजीची पिशवी शेजारी पोचवली, कोथिंबीरसुद्धा चुरगळली नव्हती असं आई अजून सांगते. ऑपरेशनला दोन मुलं रक्त देऊन गेली, नावं विचारली तर म्हणे आजी बऱ्या झाल्या की बास.

आणि तिकडे एअरपोर्टला जाणाऱ्या एस ८ ट्रेनमध्ये मी रडत बसलेले, तर समोरच्या जर्मन आजी काही न विचारता माझा हात धरून बसल्या. मला धड डांके म्हणायचंही सुचलं नाही हो.

आई आता वॉकरशिवाय चालते, काल ओंकारेश्वरापर्यंत जाऊन आली. ६ जानेवारीला बव्हेरियात सुट्टी असते, तोवर मी इथेच आहे. तुम्ही कुणी हे वाचत असाल तर प्लीज घरी या, आई रोज तुमची आठवण काढते.