पंचांगाशेजारी भरतीची वेळही छापावी

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून कितीतरी कुटुंबे अलिबाग, मुरूड, डहाणूला निघतात. खोली, जेवण, रस्ता यांची चौकशी होते. भरती किती वाजता, हे क्वचितच कुणी विचारते. वास्तविक त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. तिथीला 3 ने गुणून 4 ने भागले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. पक्ष शुद्ध असो वा वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हा जुना आडाखा बऱ्यापैकी जुळतो. तासाभराचा फरक धरावा.

भाऊबीजच घ्या. शुद्ध द्वितीया, म्हणजे भरती दुपारी दीडच्या सुमारास. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे उधाणही असते. सकाळी कोरड्या दिसणाऱ्या वाळूवर लावलेल्या गाडीपर्यंत जेवणे होईतो पाणी येते. मग घाईने रेस केली की चाके जागच्या जागी फिरून वाळू उकरतात आणि गाडी आणखी रुतते.

याहून मोठा धोका दुपारनंतरचा. ओहोटी सहा तास चालते, पण जवळपास निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच उतरते. त्या दिवशी ते साडेतीन ते साडेपाच. चहा घेऊन मंडळी पाण्यात शिरतात, ती नेमकी तेव्हाच! गोदावरीत किंवा विहिरीत पोहण्याचा सराव इथे पुरत नाही. आजूबाजूला लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसतो. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच आत परतत असते. मुलांसाठी ‘बरी जागा’ म्हणून तोच पट्टा निवडला जातो, ही खरी काळजीची गोष्ट आहे. ओढीत सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजू नये, दम संपतो. तरंगत राहावे, हात वर करून हाक मारावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर सरकून ओढीबाहेर पडावे.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर भाऊबीजेला सकाळी साडेसातच्या आसपासची ओहोटी गाठावी आणि पाणी वळायच्या आत परतावे.

आपण रोज तिथी, सूर्योदय, सूर्यास्त देता. सुट्ट्यांच्या दिवसांत त्याखालीच डहाणू, अलिबाग आणि रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या वेळा द्याव्यात, ही कळकळीची विनंती. आडाख्यापेक्षा छापील वेळ केव्हाही चांगली, आणि जागा दोन ओळींचीच लागेल.

– एक वाचक, नाशिक